कधीतरी म्हणजे कोणत्या वारी?

धुळ्यात शिकण्यासारखी म्हणून जेवढी विद्या होती तेवढी सगळी एका माणसाने शिकून पाहिली आणि त्यांतली एकही त्यांना आली नाही. हे मी निंदा म्हणून लिहीत नाही. निंदा मी एकदा करून चुकलो आहे, तीही छापून, लाल पतंगी कागदावर, पाचशे प्रती काढून. तिची हकीकत पुढे येईलच. पत्रके लिहून लिहून माझा हात असा झाला आहे की कोणाचे चांगले लिहायला बसलो तरी लेखणी आपोआप कोणाला तरी झोडपायला धावते. या खेपेला तिला धावायचेच असेल तर माझ्याकडे धावावे.

गावाबाहेरच्या एका कापसाच्या जिनात ते इंजिन सांभाळत. मूळचे मलबारकडचे, तीन दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासापलीकडचे. त्यांचे खरे नाव हजेरीबुकाच्या रकान्यात मावत नसे, म्हणून जिनातही कोणी ते शेवटपर्यंत वाचले नव्हते. वय पंचेचाळीसच्या पुढे, कानशिले पांढरी, बंद गळ्याचा इस्त्रीचा कोट आणि काखेत एक वही. कोणत्याही वर्गाच्या दारात येऊन ते चपला काढत, हात जोडत आणि पाठ केलेली दोन वाक्ये म्हणत, "मी येऊ का? मी शिकतो." या दोन वाक्यांवरून गावाने त्यांना 'विद्यार्थी' हे नाव दिले. आमच्यासारख्या बावीस वर्षांच्या पोरांना ते 'मास्तरसाब' म्हणत. गावात त्यांचे अकरा मास्तर होते आणि मित्र एकही नव्हता. अकरा वर्ग त्यांनी लावले होते ते याच एका उणेपणापायी. जिनात बोलायला इंजिन आणि खोलीत बोलायला स्टोव्ह, एवढाच त्यांचा गोतावळा. त्यांनी आमच्या गावाची रीत फार बारकाईने पाहिली होती. कोणाच्या ओट्यावर जाऊन बसायला आधी ओळख लागते, पण वर्गाच्या सतरंजीवर नाव सांगितले की बसता येते. म्हणून जिथे सतरंजी तिथे विद्यार्थी.

पहिले नाव त्यांनी घातले ते तालमीत. उस्तादांनी त्यांच्या वयाकडे, मग पोटाकडे, मग कोटाकडे पाहिले आणि मल्लखांबाकडे बोट केले, ते निव्वळ घालवून देण्यासाठी. विद्यार्थ्यांनी कोट काढला, घडी घालून वहीवर ठेवला आणि ते चढले. कसे चढले हे तालमीतल्या कोणाला अजून सांगता येत नाही. चढून मात्र बसले ते बसलेच. हातपाय आवळून, डोळे मिटून, भिंतीवरच्या पालीसारखे. उस्ताद खालून ओरडले, "ओ नाना, उतरा ना आता!" वरून अगदी शांतपणे उत्तर आले, "उतरण्याचा धडा अजून आपण दिला नाही." शेवटी चौघांनी खांद्यावर घेऊन त्यांना खाली आणले. पुढे कित्येक दिवस ते हा प्रसंग भेटेल त्याला सांगत. त्यात सोललेल्या पोटरीचा उल्लेख नसे, भीतीचा नसे. "चौघांनी मला खांद्यावर घेतले," एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत आणि आपल्या खांद्यावरून हात फिरवत. आमच्याकडे चौघांचा खांदा माणसाला केव्हा मिळतो हे त्यांना कोणी सांगितले नाही. ऐकणारे तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसत. मीही त्यांत होतो.

गायनमास्तरांच्या वर्गात दहाबारा वर्षांच्या आठ मुली आणि नववे विद्यार्थी. मास्तरांनी 'सा' लावायला सांगितला की यांचा 'सा' जिनाच्या भोंग्याच्या पट्टीत लागे. समोरच्या बोळातला टांगेवाला तो ऐकून घोडा जुंपायला घेई. त्याला वाटे जिन सुटले. भजनी मंडळात त्यांना टाळ दिले, तर ते नेहमी एक ठोका मागे असत, कारण टाळ वाजवताना त्यांचे लक्ष अभंगाकडे नसे, समोरच्यांच्या तोंडांकडे असे. कोणाची नजर आपल्या नजरेला भिडते का ते पाहत राहायचे, भिडली की हसायचे, आणि हसण्यात ठोका चुकायचा. बुवा एकदा वैतागून म्हणाले, "नाना, देवाकडे बघा हो!" ते म्हणाले, "देव पुष्कळ ठिकाणी आहेत, बुवासाब. आपण इथेच आहात." बुवांनी घाईने पुढचा अभंग उचलला.

प्रथमोपचाराच्या वर्गात मात्र त्यांनी नाव काढले. त्या वर्गात पट्ट्या बांधायला शिकवत, आणि बांधून घ्यायला कोणी तयार नसे. विद्यार्थी पहिल्याच दिवशी उठून मधल्या बाकावर आडवे झाले ते कायमचे. कधी त्यांचा हात मोडलेला असे, कधी डोके फुटलेले, कधी साप चावलेला. दहाजण त्यांच्या भोवती गोळा होत, कोणी पाय धरी, कोणी मान उचली. मी एकदा त्यांना विचारले, "तुम्ही शिकायला जाता की जखमी व्हायला?" ते गंभीरपणे म्हणाले, "मास्तरसाब, पट्टी बांधताना सगळे विचारतात, दुखतं का? दिवसभरात मला तेवढंच कोणी विचारतं." यावर मी मोठ्याने हसलो. बावीस वर्षांच्या माणसाला हसण्यासारख्या गोष्टी फार दिसतात.

गावाशी ओळख वाढवावी म्हणून त्यांनी एक खाऊही आणला होता. केळ्याच्या चकत्या, खोबरेल तेलात तळलेल्या, मुलखातून डबा भरून मागवलेल्या. ज्या जिल्ह्यात रावेर-चोपड्याकडून केळ्यांचे घडच्या घड येतात तिथे केळे वाटायला निघालेला हा पहिलाच माणूस असावा. लोक एक चकती घेत, नाकाशी नेत आणि एकमेकांकडे बघत. आमच्याकडे खोबरेल डोक्याला लावतात. भजनी मंडळातल्या एकाने तर चकती हातावर चोळून ती टाळूला लावली आणि सारा ओटा हसला. विद्यार्थीही हसले, कारण सारे हसत होते. मी माझ्या वाट्याच्या चकत्या खिशात घातल्या आणि वळणावर शेजारच्या शेळीपुढे टाकल्या. शेळीने त्या खाल्ल्या. हे प्राणी आमच्याहून अधिक उदार असतात असे एखादे पत्रक मी लिहायला हवे होते.

आता आमच्या गावाचा एक गुन्हा सांगतो. वर्ग सुटला की चपला शोधता शोधता आम्ही एकमेकांना म्हणतो, "या एकदा घरी, कधीतरी." हे वाक्य आम्ही तार देणाऱ्या शिपायालाही म्हणतो, दाढी करणाऱ्यालाही म्हणतो. म्हटले म्हणून कोणी येत नाही आणि येऊ नये असेच ठरलेले असते. विद्यार्थ्यांना हे ठाऊक नव्हते. ते जागीच थांबत, वही उघडत, पेन्सिल ओली करत आणि विचारत, "कधीतरी म्हणजे कोणत्या वारी?" समोरचा गडबडून जाई. "कधीही या हो, घर आपलंच आहे," असे म्हणून तो जवळजवळ पळत सुटे. विद्यार्थी त्याचे नाव लिहीत, त्यापुढे 'कधीतरी' असे लिहीत आणि वाराची जागा मोकळी सोडत. मीही त्यांना तेच म्हणालो होतो. माझेही नाव त्या वहीत होते.

मी तेव्हा राममंदिरामागच्या पडवीत सूतकताईचा वर्ग चालवी. अंगावर जाडीभरडी खादी आणि तोंडात सदैव ठराव. दारूवर माझे पत्रक होते, हुंड्यावर होते, पंक्तिभेदावर तर चार रकान्यांचे होते. 'दारे उघडा! परक्यास पाटावर घ्या!' अशी त्याची सुरुवात. विद्यार्थी आमच्या वर्गात आले तेव्हा त्यांच्या हातून एक धागा धड निघाला नाही, पण पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांचे चरखे दुरुस्त करून टाकले. वाकड्या चात्या सरळ केल्या, करकरणारी चाके गप्प केली. इंजिनवाल्याचा हात तो. माझ्या वर्गात पहिल्यांदाच शांतता झाली आणि त्या शांततेत माझीच भाषणे जरा फार ऐकू येऊ लागली.

अखजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, सुमाराला हंगाम संपून जिन बंद झाले, तेव्हा एका दुपारी ते कोट घालून आमच्या दारात उभे राहिले. "कधीतरी आज चालेल का?" मी ओशाळलो, कारण आत पाहुणे होते आणि अंगणात माय खापरावर मांडे करत होती. मी त्यांना परत पाठवायला तोंड उघडणार तेवढ्यात त्यांचे लक्ष मायकडे गेले. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती पुरणाचा मांडा धोतरपानाएवढा करत होती. विद्यार्थ्यांनी चपला काढल्या, हात जोडले. "माय, मी येऊ का? मी शिकतो." माय आयुष्यात एवढी कधी हसली नव्हती. तिने त्यांना बसवले, गोळा दिला, हात धरून झुलवायला शिकवले. दुसऱ्या झेपेला मांडा हवेत गेला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर येऊन पसरला. माय पदर तोंडाला लावून ओरडली, "ओ नाना, तो मांडा शे, उपरनं नही!" फाटका मांडा त्यांनी तिथेच बसून खाल्ला, त्यावर आणखी दोन खाल्ले आणि जाताना मायला विचारले, "पुढचा वर्ग कधी?" माय म्हणाली, "तुम्हनंच घर शे, कव्हयबी या." आमच्या गावात हे वाक्य मनापासून म्हणणारी ती मला माहीत असलेली एकटीच बाई. पण मी त्यांना फाटकापर्यंत पोचवताना म्हणालो, "माय जरा दमते. आधी कळवत जा." त्यानंतर ते आले नाहीत. माय विचारी आणि मी म्हणे, कामात असतील.

आता पत्रकाची गोष्ट. आषाढात जळगावहून एक मोठे वक्ते आमच्या वर्गाला येणार होते. मी सतरंज्या झाडून घेतल्या, हार आणला. वक्ते आले आणि पडवीत चारजण. बाकीचे कुठे गेले म्हणून शोधत गेलो तर प्रथमोपचाराच्या वर्गात ही गर्दी! मधल्या बाकावर विद्यार्थी, नखशिखान्त पट्ट्यांत गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे, आणि भोवती तीसेक माणसे पोट धरून हसत होती. त्यांत माझ्या वर्गातले बाकीचे सगळे. त्या क्षणी मला जो संताप आला त्याला मी देशभक्ती असे नाव दिले. आज स्पष्ट लिहितो, तो मत्सर होता. माझ्या वर्गात कोणी कधी हसले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहून छापखान्यात दिले. त्यातला एक परिच्छेद असा होता: 'या शहरात एक गृहस्थ असे आहेत की कोठेही सतरंजी अंथरलेली दिसली की त्यांचे पाय तिकडे वळतात. तालमीत ते पैलवान, भजनात भक्त, गायनात कोकिळ, आणि कोठेच कोणी नाहीत. ज्यास स्वतःचे असे काही नाही, जो करमणुकीसाठी दारोदार विद्येची भीक मागत फिरतो, अशा रिकाम्या मनुष्याचा समाजास काय उपयोग?' हे लिहून झाल्यावर मी ते स्वतःला मोठ्याने वाचून दाखवले आणि मला ते फार आवडले.

छापखान्यातून गठ्ठा पडवीत येऊन पडला तेव्हा तिथे दुसरे कोणी नव्हते. विद्यार्थी तेवढे आले होते. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिले आणि आनंदाने विचारले, "पत्रकांना घड्या घालायचा वर्ग आहे?" मी त्यांना घालवून द्यायला हवे होते. मी म्हणालो, "बसा." ते बसले. एकेक कागद घेऊन, कडेला कड तंतोतंत जुळवून, नखाने दाबून, तीन पदरांची अशी घडी की कापून काढल्यासारखी. शंभरेक घड्या झाल्यावर त्यांनी एक कागद उजेडाला धरला आणि बोटाने अक्षर अक्षर वाचू लागले. त्या परिच्छेदावर बोट आले. हळूहळू सरकले. संपले. मी चरख्याची माळ उगीचच घट्ट करत होतो.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी विचारले.

मी सत्यावर दोन पत्रके लिहिलेला माणूस. म्हणालो, "आहेत एक. तुमच्या ओळखीचे नाहीत."

त्यांनी त्या कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "बिचारे. त्यांना कोणी घरी बोलावत नसेल. आपण त्यांना आपल्या वर्गाला बोलावू या, मास्तरसाब." आणि पुढचा कागद घेऊन कडा जुळवू लागले. पाचशे घड्या झाल्यावर त्यांनी गठ्ठा काखेत घेतला. "मी वाटू? माझी सगळीकडे ओळख आहे."

मी म्हणालो, "वाटा."

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले नाही, तेवढे धैर्य नव्हते. तालमीच्या उस्तादांनी सांगितले, ते त्या दिवशी त्यांच्याबरोबर गावभर फिरले होते. तालमीत त्यांनी प्रत्येकाच्या हातात पत्रक दिले. एकाने मोठ्याने वाचले, सगळे हसले, आणि नेहमीप्रमाणे तेही हसले. भजनी मंडळात हसले, तिथेही ते हसले. गायनमास्तरांनी मात्र मनात वाचून कागदाची परत घडी केली आणि मान वर केली नाही. आठ मुलींतली धाकटी म्हणाली, "हे तर आपले विद्यार्थी!" तेव्हा ते हसायचे थांबले. "मला वाटलं, आता बाकीचे कागद विहिरीत टाकतील," उस्ताद म्हणाले. "नाही टाकले. सगळे वाटले. प्रत्येकाला हात जोडून. एकही उरवला नाही." एवढे बोलून उस्तादांनी माझ्याकडे पाठ केली आणि हौद्यातली माती कुदळायला घेतली. ती ओलीच होती, कुदळायची गरज नव्हती.

चार दिवसांनी विद्यार्थी वर्गाला आले ते चरखा परत करायला. चाती सरळ, माळ नवी. रागाचा एक शब्द नाही. दारातून वळून त्यांनी विचारले, "घड्या बरोबर होत्या ना?" मी म्हणालो, "होत्या." एखाद्याने माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी त्याच्यावर पत्रक काढून मोकळा झालो असतो. यावर काय काढणार?

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: नारळाची देवी मांडतात, तिला डोळे लावतात, नथ घालतात, शालू नेसवतात, पण सारा जीव असतो तो रोटांत. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने, पाळण्यातल्यासुद्धा, सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे, ते घरच्या जात्यावर दळायचे आणि त्यांचे रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. आमच्या घरी सख्खी लेक सासरी गेली की तिलाही रोट नाही. बाहेरच्याला घास नाही, गुराढोरांना नाही. उरला तर जमिनीत पुरायचा.

शनिवारी सकाळी माय सूप घेऊन बसली. थोरल्या भावाची मूठ झाली, त्याच्या दोन पोरांच्या झाल्या, माझी झाली. मग तिने आणखी एक सव्वा मूठ टाकली.

"माय, हाई कोनी?"

"नानानी."

"कोन नाना?"

"मांडा खांदवर लेनारा. त्याले आठे कोन शे?"

आणि मी, पंक्तिभेदावर चार रकाने लिहिणारा, काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "माय, तो भाऊबंद शे का? बाहेरनाले रोट चालस नही."

मायने माझ्याकडे पाहिले. तिला अक्षरओळख नाही. माझे प्रत्येक पत्रक मी तिला वाचून दाखवतो. ती म्हणाली, "तूच वाची दखाडं ना माले, परकाले पाटवर ल्या म्हनीसन? ते काय निस्तं शाईनं व्हतं?" मग सूप पाखडत म्हणाली, "जाय, त्याले लई ये."

मी त्यांना आणायला जिनावर गेलो. खोलीला कुलूप. पहारेकरी म्हणाला, "इद्यार्थी? बोदवडना जिनमा गयात ना. सोताच अर्ज करा त्यासनी. चार दिन व्हयनात." म्हणजे बदली त्यांनी स्वतःच मागून घेतली होती. मी विचारले, काही सांगून गेले का? "नही. इंजिनले हात जोडात नि गयात."

बोदवडला गाडी होती. तशीच धरली असती तर रविवारी दुपारपर्यंत त्यांना घेऊन येता आले असते. मी घरी परतलो. मायने विचारले, "काबर गयात?" मी म्हणालो, बदली. ती म्हणाली, "खरं सांग." तिने उठून फळीवरच्या लोणच्याच्या बरणीखालून लाल कागद ओढला. कोणीतरी आमच्या दारातही टाकला होता. तीन पदरी, कड कडेला लागलेली. हे एक पत्रक मी तिला वाचून दाखवले नव्हते.

"वाच."

सभेत माझा आवाज नदीच्या पलीकडे जातो. त्या दिवशी चुलीपर्यंतही नीट पोचला नाही. वाचून झाले. माय म्हणाली, "परत वाच." परत वाचले. पत्रके कोणी वाटली हे तिच्या कानावर आले असावे, ती कागदाच्या घडीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आनि हाई तू त्यानाच हातवरी वाटाडं?"

"हां."

ती परत सुपापाशी जाऊन बसली. सुपातली मूठ तिने काढली नाही. रविवारी सगळ्यांचे रोट झाले, पंगत बसली आणि एक पाट मोकळा राहिला. भाऊबंदांतल्या कोणी विचारले, तर माय म्हणाली, "येवाव शे," म्हणजे यायचा आहे. सोमवारी पांझरा नदीत कानबाई बोळवून आलो तेव्हा तिने तो रोट माझ्या हातात दिला. "खड्डा तू खन." मागच्या निंबाखाली मी खणला. पावसाने जमीन मऊ होती, तरी मला फार वेळ लागला.

बुधवारी मी बोदवडला होतो. वाटेत चाळीसगाव, भुसावळ, सबंध प्रवासभर मी क्षमायाचनेचे सात मुद्दे जुळवले होते, शेवटी एक आवाहनही होते. त्यांनी दार उघडले आणि मुद्दे एकदम गेले. खोली स्वच्छ. कोपऱ्यात स्टोव्ह. मध्ये एक सतरंजी अंथरलेली, तिच्यावर कोणी बसल्याची एक चुणी नव्हती.

"कसला वर्ग आहे?" काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले.

"इथे वर्ग नाहीत, मास्तरसाब. कोणी आलं तर असावी म्हणून अंथरतो."

मी सतरंजीवर बसलो. त्यांनी डबा काढला, बशीत चकत्या घातल्या आणि ती माझ्यापुढे ठेवून ते जरा अंग चोरून बसले. मी एक खाल्ली. मग दुसरी. खरे सांगतो, खोबरेलाचा वास येतोच. पण चौथ्या-पाचव्या चकतीनंतर तो वास नाही, ती चव आहे, हे कळते. मी बशी संपवली. ते पाहत होते.

"नाना," मी म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नाना म्हणालो, "त्या पत्रकातले ते गृहस्थ..."

त्यांनी हात वर करून मला थांबवले. खिडकीबाहेर बघत विचारले, "त्यांना शेवटी कोणी घरी बोलावलं का?"

"मायने बोलावलंय. त्यांच्या नावाची मूठ सुपात टाकली होती. रोट उरला." मग 'कधीतरी' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता तो मी गिळला. "पुढच्या श्रावणात. नागपंचमीनंतरचा पहिला रविवार."

त्यांनी वही आणली. तेवीस नावे होती, प्रत्येकापुढे 'कधीतरी' आणि मोकळी जागा. माझ्या नावापुढे त्यांनी पेन्सिलीने नाही, शाईने वार लिहिला. अक्षर वाळेपर्यंत फुंकर घातली. मग वही मिटून म्हणाले, "मी येऊ का?" पुढचे वाक्य या वेळी त्यांनी म्हटले नाही.

ते आले. दोन श्रावण आले. कोट घालून भाऊबंदांच्या पंगतीत बसले, रोट खाल्ला, आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीला मायला म्हणाले, "आपली भाजी स्वस्थ आहे," कारण भाजीला चांगले म्हणायला त्यांना कोणत्याच वर्गाने शिकवले नव्हते. तिसऱ्या वर्षी म्हाताऱ्या बहिणीने बोलावले म्हणून ते नोकरी सोडून मुलखाला गेले. त्यांच्यामागे मी पुष्कळ पत्रके काढली, पण त्यांत पुन्हा माणूस घातला नाही. घड्या आम्ही घालतो त्या वाकड्या येतात. माय अजून त्यांच्या नावाची सव्वा मूठ टाकते, रोट उरतो, आणि सोमवारी मी निंबाखाली खणतो. ते काम ती दुसऱ्या कोणाला देत नाही.

मागच्या महिन्यात त्यांचे कार्ड आले. माय बरी आहे का, चरखे चालतात का, धाकटी गाणारी आता किती मोठी झाली, असे सगळे विचारले आहे, आणि शेवटी एकच ओळ: 'येईन कधीतरी.' अकरा वर्गांत त्यांना काही आले नाही असे मी वर लिहिले. हा एक धडा मात्र आमच्या गावाने त्यांना पक्का शिकवला. मी उलट टपाली वार विचारला आहे. उत्तराची वाट पाहतो आहे.